एकाच वायफायचे दोन नकाशे: तपासासाठी काढलेला कव्हरेजचा नकाशा दर फेरीत वेगळा येतो तेव्हा

अडचण साधारण अशी असते. गुन्ह्यात वापरलेलं वायफाय कुठवर पोचतं याचा नकाशा हवा असतो. सोमवारी कोणीतरी उपकरण घेऊन परिसर फिरतं, रंगीत नकाशा तयार होतो, आणि वादातली जागा, समजा भिंतीपलीकडची गाडी उभी करायची जागा, हिरव्या पट्ट्यात येते. गुरुवारी खात्रीसाठी दुसरी फेरी मारली, तर तीच जागा पट्ट्याबाहेर. कडेची रेघ पंधरा-वीस मीटर आत सरकलेली. राउटर तोच, इमारत तीच, फिरणारा माणूसही तोच.

हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आलाय की आता मी तो ठरावीक क्रमाने सोडवतो. तो क्रम इथे देतोय. त्याआधी एक विनंती. दोन नकाशांपैकी तपासाला सोयीचा तो ठेवायचा आणि दुसरा 'बिघडलेली फेरी' म्हणून फाइलबाहेर काढायचा, हा मोह फार होतो. तसं करू नका. ती रेघ कुठून जाते यावर कोणाची तरी अटक किंवा सुटका ठरू शकते. दोन्ही फेऱ्यांच्या कच्च्या फाइली जपा, दोन्हींचे हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा) काढून लिहून ठेवा, आणि मगच कारण शोधायला बसा.

रंग पुसा, ठिपके बघा

सगळ्यात आधी हीटमॅप, म्हणजे तो रंगीत नकाशा, बंद करा आणि प्रत्यक्ष मोजमापाचे ठिपके तेवढे नकाशावर टाका. मग वादातल्या जागेपासून तीन मीटरच्या आत किती ठिपके आहेत ते मोजा. बऱ्याचदा उत्तर शून्य निघतं, आणि अर्धा प्रश्न तिथेच संपतो.

हीटमॅप काढणारं सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांमधली मोकळी जागा स्वतःच्या हिशेबाने भरतं. जवळच्या ठिपक्याला जास्त वजन, लांबच्याला कमी, असा तो सरासरीचा प्रकार असतो. मध्ये काँक्रीटची भिंत आहे, लोखंडी दार आहे की नुसती हवा, हे त्याला कळत नाही. सोमवारी तुम्ही भिंतीच्या अलीकडून चाललात, गुरुवारी पलीकडून. दोन्ही वेळा त्या जागेचा रंग अंदाजानेच भरला गेला, फक्त अंदाज वेगवेगळ्या बाजूंनी आला. अशा वेळी दोन नकाशांत विरोध नसतोच, कारण त्या जागेबद्दल दोघांकडेही मोजमाप नसतं.

उपाय सरळ आहे. जिथे कोणी गेलं नाही तिथे रंग भरू नका. परिसराचं चित्र म्हणून हीटमॅप अहवालात द्यायला हरकत नाही, पण निष्कर्ष ज्या जागेबद्दल आहे त्या जागेवर उभं राहून घेतलेलं मोजमाप वेगळ्या तक्त्यात हवंच.

तीन मीटरच्या आत पुरेसे ठिपके असूनही दोन फेऱ्यांत फरक असेल, तर पुढे वाचा.

फोनने मोजलं असेल तर शिळ्या आकड्यांचा संशय आधी घ्या

अँड्रॉइड फोनवरचं ॲप घेऊन फिरणं सोपं, म्हणून बरेच जण तेच करतात. अडचण अशी की २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ पासून समोर उघड्या असलेल्या ॲपलाही दोन मिनिटांत चारच वेळा वायफाय स्कॅन करता येतं. मागे चालणाऱ्या सगळ्या ॲपना मिळून अर्ध्या तासात एकदा. पाचव्यांदा मागितलं की ॲपच्या हाती जुनाच निकाल पडतो. ॲप मात्र दर सेकंदाला नवी ओळ लिहीत राहतं, नव्या वेळेसह, नव्या ठिकाणासह. आकडा तेवढा शिळा.

हिशेब करून बघा. तीस सेकंदांतून एक खरा स्कॅन. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. म्हणजे एक आकडा छत्तीस मीटरच्या पट्ट्यावर पसरतो. कडेची रेघ वीस मीटर सरकायला आणखी काही लागत नाही.

हे ओळखायची खूण लॉगमध्येच असते. एकाच नेटवर्कचा आकडा वीस-पंचवीस ओळी जसाच्या तसा, आणि मग परिसरातल्या सगळ्या नेटवर्कचे आकडे एकाच ओळीत एकदम बदललेले. खऱ्या मोजमापात असं होत नाही. रेडिओचा सिग्नल जागेवर उभं राहिलं तरी थरथरतो, सलग वीस वेळा तोच आकडा देत नाही.

अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायफाय स्कॅनवरचा हा लगाम काढायचं बटण आहे. लगाम बंद केल्याचा स्क्रीनशॉट फेरीआधी घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक निकालासोबत सिस्टीम स्वतःचा टाइमस्टॅम्प देते: फोन चालू झाल्यापासून किती मायक्रोसेकंदांनी हे नेटवर्क शेवटचं ऐकू आलं. तुमचं ॲप तो आकडा साठवत नसेल तर पुराव्याच्या कामाला ते ॲप वापरू नका. ओळ कधी लिहिली हे कळून उपयोग नाही, कधी ऐकलं ते कळायला हवं.

मी स्वतः आता फोन फक्त प्राथमिक टेहळणीला वापरतो. मोजमापाला लॅपटॉप, बाहेरून लावलेला वायफाय अडॅप्टर आणि मॉनिटर मोड, म्हणजे कशालाही न जोडता हवेतलं नुसतं ऐकायची अवस्था.

मॉनिटर मोडमध्येही भोकं पडतात

अडॅप्टर एका वेळी एकच चॅनेल ऐकतो. किस्मेटसारखं सॉफ्टवेअर चॅनेलवरून चॅनेलवर उड्या मारत जातं. सेकंदाला पाच उड्या म्हणजे प्रत्येक चॅनेलला २०० मिलिसेकंद. राउटरचा बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' अशी त्याची हाक, सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी येते. म्हणजे एका उडीत एक किंवा दोन बीकन पदरात पडणार. २.४ गिगाहर्ट्झमधले तेरा चॅनेल फिरून यायला २.६ सेकंद लागतात. त्यात ५ गिगाहर्ट्झमधले पंचवीस धरले तर ७.६ सेकंद, आणि तेवढ्यात तुम्ही नऊ मीटर पुढे गेलेले असता. कडेवर, जिथे मुळात निम्मेच बीकन कानी पडतात, तिथे एखाद्या फेरीत नेटवर्क 'दिसलंच नाही' असं होणं अगदी शक्य आहे.

तपास एकाच राउटरबद्दल असतो तेव्हा उड्या मारायची गरजच नाही. पहिली फेरी उड्या मारत, राउटर कोणत्या चॅनेलवर आहे ते कळण्यापुरती. दुसरी फेरी अडॅप्टर त्याच चॅनेलवर खिळवून. खिळवल्यावर एक सुंदर मोजमाप हाती येतं: एका मिनिटात साधारण ५८६ बीकन यायला हवेत, तर आले किती? ५४० आले तर जागा चांगली. २०० आले तर कड. १२ आले तर नुसत्या सिग्नलच्या आकड्यावर विसंबू नका, कारण तो आकडा फक्त त्या बारा नशीबवान बीकनांचा आहे. जे ऐकूच आले नाहीत त्यांची ताकद कुठेच नोंदली जात नाही, त्यामुळे कडेवरची सरासरी नेहमी खरी असते त्यापेक्षा बरी दिसते. हा दोष कितीतरी अहवालांत निसटलेला मी पाहिलाय. म्हणून सिग्नलच्या आकड्याशेजारी बीकनची टक्केवारी द्यायचीच. तेवढी एक सवय लागली तरी कडेबद्दलचे बरेच वाद मिटतात.

घड्याळ: जा आणि परत या

जागेची नोंद जीपीएसकडून येते आणि सिग्नलची अडॅप्टरकडून. दोन्ही जुळवतं घड्याळ. ते काही सेकंदांनी चुकलं की सगळा नकाशा चालण्याच्या दिशेने सरकतो. सोमवारी तुम्ही फाटकाकडून आत चालत गेलात, गुरुवारी आतून फाटकाकडे. चूक तीच, पण सरकला विरुद्ध दिशांना.

हे तपासायची माझी आवडती रीत सांगतो. राउटरजवळून जाणारा एक सरळ रस्ता निवडा. एकाच वेगाने त्यावरून एकदा जा आणि एकदा परत या. दोन्ही वेळचा सिग्नल अंतरासमोर मांडा. शिखर दोन्ही वेळा एकाच जागी यायला हवं. समजा ते चोवीस मीटरच्या फरकाने दोन जागी आलं. जाताना एका बाजूला सरकलं, येताना दुसऱ्या, म्हणून चूक दुप्पट दिसते. तेव्हा चोवीसचे अर्धे बारा, भागिले वेग १.२ मीटर, म्हणजे घड्याळात दहा सेकंदांचा फरक. शिखर चालण्याच्या दिशेने पुढे गेलं असेल तर सिग्नलची नोंद उशिरा होतेय, मागे राहिलं असेल तर जागेची.

फरक अठरा सेकंदांच्या आसपास निघाला तर कारण जवळजवळ ठरलेलं आहे. जीपीएसची स्वतःची वेळ १ जानेवारी २०१७ पासून यूटीसीपेक्षा, म्हणजे जगभरच्या प्रमाण वेळेपेक्षा, १८ सेकंद पुढे आहे, कारण यूटीसीमध्ये अधूनमधून लीप सेकंद घातले जातात आणि जीपीएसच्या वेळेत घातले जात नाहीत. बहुतेक ॲप यूटीसीच देतात, पण काही रिसीव्हरच्या कच्च्या फाइलींत जीपीएस वेळ असते आणि ती तशीच जुळवली जाते. अठरा सेकंदांत माणूस जवळपास बावीस मीटर चालतो.

दुरुस्ती करताना मूळ फाइलीला हात लावू नका. दुरुस्त केलेली प्रत वेगळी ठेवा आणि किती सेकंद कुठल्या पुराव्यावरून सरकवले ते लिहा. जाण्या-येण्याचे ते दोन आलेख हाच तो पुरावा.

इमारतीच्या आत आणि उंच भिंतींच्या कुशीत जीपीएस सोडूनच द्या. तिथे आराखडा, मोजपट्टी आणि जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्या. वेळ लागतो, पण जागेबद्दल शंका उरत नाही.

एका नावाखाली किती रेडिओ?

नकाशा नेटवर्कच्या नावावरून काढला असेल तर तो पुन्हा काढा. एसएसआयडी हे फक्त नाव. एकाच नावाने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन रेडिओ बोलत असतात, मेश (अनेक डबे मिळून एक नेटवर्क) असेल तर प्रत्येक खोलीत वेगळे, आणि एखाद्याने फोनच्या हॉटस्पॉटला तेच नाव दिलं असेल तर तोही त्यात. बीएसएसआयडी, म्हणजे रेडिओचा स्वतःचा पत्ता, प्रत्येकाचा वेगळा असतो. गट त्यावरून करा.

फरक लहान नसतो. मोकळ्या हवेत पहिल्या एका मीटरमध्येच २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल साधारण ४० डीबीने (डेसिबल; दर दहा म्हणजे दसपट फरक) घटतो आणि ५ गिगाहर्ट्झचा ४७ डीबीने. भिंती ५ गिगाहर्ट्झला त्याहून जास्त खातात. सोमवारी तुमच्या उपकरणाने एक रेडिओ जास्त ऐकला आणि गुरुवारी दुसरा, एवढ्यावर कड हलू शकते.

राउटरच बदलला असेल तर

इथवर उपकरण निर्दोष ठरलं, तर आता नेटवर्ककडे वळायचं. राउटर आपणहून चॅनेल बदलतात. मोठ्या संस्थांतल्या नेटवर्कमध्ये मध्यवर्ती कंट्रोलर प्रत्येक ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याची, ताकद गरजेप्रमाणे कमी-जास्त करत असतो. ५ गिगाहर्ट्झमधल्या काही चॅनेलवर रडारचा माग लागला तर राउटरला ते चॅनेल सोडावंच लागतं, आणि किमान तीस मिनिटं तिथे परतता येत नाही. तुम्ही जुन्या चॅनेलवर अडॅप्टर खिळवून बसलात तर त्या वेळात नेटवर्क नाहीसं झाल्यासारखं दिसेल.

राउटर मध्येच बंद-चालू झाला का, हे बीकनमधूनच बऱ्यापैकी कळतं, आणि ही गोष्ट पुरेशी वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं. प्रत्येक बीकनमध्ये ६४ बिटांचा एक मोजणारा आकडा असतो, मायक्रोसेकंदांत. बहुतेक राउटरमध्ये तो रेडिओ सुरू झाल्यावर शून्यापासून चालू होतो. पकडलेल्या वेळेतून तो वजा केला की रेडिओ केव्हा सुरू झाला ते मिळतं. दोन्ही फेऱ्यांतून हीच वेळ निघाली तर रेडिओ मध्ये थांबला नव्हता. वेगळी निघाली तर कोणीतरी किंवा कशानेतरी तो पुन्हा सुरू केला, आणि सेटिंग, चॅनेल, ताकद यांतलं काहीही बदललेलं असू शकतं. काही राउटर नुसतं सेटिंग बदललं तरी हा आकडा शून्यावर आणतात, म्हणून 'वीज गेली होती' असं लिहू नका, 'रेडिओ पुन्हा सुरू झाला' एवढंच लिहा.

हाच आकडा घटनेच्या वेळेशीही ताडून बघा. रेडिओ घटनेनंतर सुरू झाला असेल तर मेमरीत ठेवलेला लॉग बहुधा गेलेला आहे, हे लॉग मागण्याआधीच कळतं. आणि अजून गेलेला नसेल तर तो घालवणारे तुम्ही होऊ नका. 'एकदा बंद करून चालू करून बघू' हे या कामात चालत नाही.

आजूबाजूचंही टिपा: कोणती दारं उघडी होती, किती गाड्या उभ्या होत्या, भिंती पावसाने ओल्या होत्या का, माणसांची गर्दी किती. वादातली जागा आणि राउटर यांच्या मध्ये उभी राहिलेली एक मोठी गाडी कडेवरच्या जागेचं उत्तर पालटू शकते. राउटरचा फोटो घ्या, अँटेना कुठे वळलेल्या आहेत ते दिसेल असा.

आकडे एकाच भाषेत आहेत का

एका फेरीत टक्के, दुसरीत डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण), आणि तुलना नजरेने, असंही होतं. विंडोजमध्ये दिसणाऱ्या टक्क्यांत शून्य म्हणजे उणे १०० डीबीएम आणि शंभर म्हणजे उणे ५०, मधलं सरळ रेषेत. तेव्हा ६० टक्के म्हणजे उणे ७०. दुसऱ्या सॉफ्टवेअरचे टक्के याच सूत्राने असतील असं धरू नका. शक्यतो टक्के वापरूच नका.

डीबीएमही सगळ्या उपकरणांचे सारखे नसतात. दोन अडॅप्टर शेजारीशेजारी ठेवले तरी पाच-सहा डीबीचा फरक मिळतो. दोन फेऱ्यांना दोन उपकरणं वापरली असतील तर ती पाच ठिकाणी, जागा आलटून-पालटून, दोन-दोन मिनिटं ठेवा आणि मध्यकांतला फरक काढा. तो प्रत्येक ठिकाणी साधारण तेवढाच आला तर वजा करता येतो. ठिकाणागणिक बदलत असेल तर ती दोन उपकरणं तुलनेला योग्य नाहीत.

सहा सेंटिमीटर

सगळं जुळलं तरी काही फरक उरतोच, आणि तो कोणाच्या चुकीने आलेला नसतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाबारा सेंटिमीटरच्या आसपास असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी थेट लहरीत मिसळतात, कुठे भर घालतात, कुठे एकमेकींना खोडतात. त्यामुळे अँटेना सहा सेंटिमीटर सरकवली तर आकडा दहा-पंधरा डीबीने हलू शकतो. तुमचं शरीर राउटर आणि अँटेनाच्या मध्ये आलं तर पाचेक डीबी सहज जातात.

म्हणून वादातल्या जागेवर एकच आकडा घेऊ नये. एक चौरस मीटर आखा. अडॅप्टर हळूहळू त्यात फिरवा, चारही दिशांना तोंड करून, प्रत्येक दिशेला एक मिनिट. मग मध्यक काढा आणि त्यासोबत सगळ्यात खालच्या दहा टक्क्यांची आणि वरच्या दहा टक्क्यांची सीमा. सोमवारचा पट्टा उणे ६८ ते उणे ८३ आणि गुरुवारचा उणे ७१ ते उणे ८६ असेल, तर ते दोन दिवस एकमेकांशी भांडत नाहीत. एकच आकडा धरला असता तर एका दिवशी उणे ६८ आणि दुसऱ्या दिवशी उणे ८६ मिळून सगळं कोलमडल्यासारखं वाटलं असतं.

ऐकू येणं आणि जोडलं जाणं

आता मुख्य मुद्दा. नकाशे जुळले तरी तपासाच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नसतं. तुम्ही मोजलं ते राउटरचं बोलणं ऐकू येतं का. प्रश्न असतो, तिथून फोन जोडला जाऊ शकत होता का.

बीकन मुद्दाम सावकाश बोलले जातात, २.४ गिगाहर्ट्झमध्ये बरेचदा सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने, म्हणजे लांबवर कळावेत. वेग वाढतो तसा सिग्नलही जोरकस लागतो. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलसाठी मानकात ६ मेगाबिटला किमान उणे ८२ डीबीएमची संवेदनशीलता मागितली आहे, ५४ मेगाबिटला उणे ६५ ची. बाजारातली उपकरणं याहून चांगली असतात, पण उतार तोच. शिवाय राउटरचा आवाज मोठा आणि फोनचा सहसा लहान. राउटर फोनला ऐकू येतो पण फोन राउटरला ऐकू येत नाही, असा एक पट्टा प्रत्येक नेटवर्कच्या कडेला असतो. बीकनच्या नकाशात तो पट्टा 'कव्हरेज' म्हणून रंगतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तुमच्या अडॅप्टरला काही ऐकू आलं नाही म्हणून कोणालाच येत नव्हतं असं नाही. खिडकीत लावलेली दिशादर्शक अँटेना कड कितीतरी पुढे नेऊ शकते. 'इथे नेटवर्क पोचत नाही' हे वाक्य उपकरणाचं नाव घेतल्याशिवाय अहवालात येऊ नये.

म्हणून जोडणीची चाचणी वेगळी करायची. नेटवर्कच्या मालकाची लेखी परवानगी घेऊन, प्रकरणातल्या फोनच्याच मॉडेलचा दुसरा फोन वापरून. जप्त केलेला फोन कधीही नाही. जागेवर वीस प्रयत्न करा आणि प्रत्येक प्रयत्नात तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा: जोडणी झाली का, नेटवर्ककडून आयपी पत्ता मिळाला का, एक लहान पान पूर्ण उघडलं का. वीसपैकी वीस, वीसपैकी सात, वीसपैकी शून्य, जे येईल ते तसंच लिहा. फोन खिशात ठेवून एकदा आणि हातात धरून एकदा.

या चाचणीची जागा क्रमात सगळ्यात शेवटी आहे, आणि त्याला कारण आहे. नुसतं ऐकण्याने राउटरमध्ये काही बदलत नाही. जोडणीने बदलतं: लॉगमध्ये तुमच्या ओळी पडतात, जागा कमी असेल तर जुन्या ओळी पुसल्या जातात. आधी लॉग, जोडलेल्या उपकरणांची यादी आणि सेटिंग यांची प्रत घ्या, मग चाचणी. आयएसओ/आयईसी २७०३७ हे २०१२ चं मानक डिजिटल पुरावा हाताळताना केलेली कृती दुसऱ्याला तपासता आणि पुन्हा करता यावी असं सांगतं. त्याचा अर्थ इथे इतका साधा आहे.

लॉग बघताना एक सूचना. त्यातला मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाची वायफायवरची ओळख, फोनच्या मूळ पत्त्याशी जुळला नाही म्हणून तो फोन तिथे नव्हता असं म्हणू नका. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनवलेला पत्ता वापरू शकतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा असा बनवलेला पत्ता आहे.

आणि पकडताना फक्त बीकन आणि हेडर (कोणाकडून कोणाला, हे सांगणारा वरचा भाग) साठवा. २०१० साली गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांनी उघड्या वायफायवरचा मजकूरही साठवल्याचं कंपनीने मान्य केलं आणि अनेक देशांत चौकश्या झाल्या. कव्हरेज मोजायला शेजाऱ्यांचा मजकूर लागत नाही. फिल्टर आधीच लावा, आणि लावल्याची आज्ञा नोंदीत ठेवा.

अहवालात काय लिहायचं

दोन्ही फेऱ्या लिहा. पहिलीत काय सापडलं, दुसरीत काय, फरकाचं कोणतं कारण सापडलं, ते कशावरून, आणि ते काढल्यावर किती फरक उरला. 'सोमवारची नोंद दहा सेकंद उशिरा होती, जाण्या-येण्याच्या आलेखांवरून हे दिसतं, दुरुस्तीनंतर दोन फेऱ्यांच्या मध्यकांत ३ डीबीचा फरक राहतो' असं वाक्य एका निर्मळ दिसणाऱ्या नकाशापेक्षा कितीतरी भक्कम असतं.

क्रियापदं जपून वापरा. 'या मॉडेलचा फोन या तारखेला, या स्थितीत, या जागेवरून वीसपैकी सात वेळा जोडला गेला.' घटनेच्या दिवशी जोडला गेला होता का, हे नकाशा सांगत नाही. ते राउटरचा लॉग आणि फोनमधल्या नोंदी सांगतील. नकाशा त्यांना दुजोरा देतो किंवा त्यांच्यावर प्रश्न उभा करतो.

राहिला तो प्रसंग जिथे मोजायला राउटरच उरलेला नाही, बदलला किंवा काढून नेला. अशा वेळी कोणीतरी २००१ पासून चालू असलेल्या विगलसारख्या सार्वजनिक संग्रहातून जुना बीएसएसआयडी शोधतं आणि त्याभोवती वर्तुळ काढतं. त्या संग्रहातला बिंदू हा बहुतांशी रस्त्यावरून जाणाऱ्यांनी ऐकलेल्या सिग्नलवरून काढलेला अंदाज असतो, आणि रस्त्याकडे ओढला जातो. त्या तारखेच्या सुमारास हा रेडिओ या परिसरात ऐकू येत होता, एवढं तो बिंदू सांगू शकतो. त्याभोवती त्रिज्या काढू नका. त्याच मॉडेलचा राउटर त्याच जागी, तीच सेटिंग घालून लावता आला तर वरची सगळी मोजमापं त्यावर करा, आणि अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की हा मूळ राउटर नाही.